अहो-जाहोतली मैत्री: गटे, शिलर आणि त्सेल्टर

जर्मन शिकायला बसलं की पहिल्या आठवड्यातच दोन शब्द समोर येतात, 'डू' आणि 'झी'. डू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कुणाला अरे-तुरे करायचं, कुणाला अहो-जाहो, आणि एकातून दुसऱ्यात जाताना जीभ कशी अडखळते, हे आपण घरातूनच शिकून आलेलो असतो. जर्मनांकडे तर या दोन्हींसाठी स्वतंत्र क्रियापदं आहेत: 'डूत्सेन' म्हणजे अरे-तुरे करणं आणि 'झीत्सेन' म्हणजे अहो-जाहो करणं. हे कळलं तेव्हा ती भाषा मला एकदम नात्यातली वाटली.

योहान वोल्फगांग फॉन गटे हा माणूस समजून घ्यायलाही मला याच दोन शब्दांचा उपयोग झाला. गटे आवाक्यात येत नाही, ही त्याची पहिली अडचण. तो ८२ वर्षं जगला. कविता, नाटकं, कादंबऱ्या त्याने लिहिल्याच. शिवाय एका संस्थानाचा कारभार पाहिला, खाणी-रस्त्यांची खाती सांभाळली, नाटकगृह चालवलं, वनस्पतींवर, हाडांवर, रंगांवर संशोधन केलं. त्याचं चरित्र हातात घेतलं की हे सगळं एकदम अंगावर येतं. पण तो कुणाशी कसा बोलत होता, कुणाला 'तू' म्हणत होता आणि कुणाला शेवटपर्यंत 'तुम्ही', हे पाहत गेलं की तो माणूस म्हणून दिसायला लागतो. या लेखात आपण त्याच वाटेने जाऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. गटेचा जन्म २८ ऑगस्ट १७४९चा, फ्रँकफुर्टमधला. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता. जर्मन बोलणारी शेकडो लहानमोठी राज्यं होती. आपल्याकडची सांगली, औंध, सावंतवाडी अशी संस्थानं डोळ्यांसमोर आणली की साधारण कल्पना येईल. प्रत्येकाचा राजा वेगळा, दरबार वेगळा, कायदे वेगळे. फ्रँकफुर्ट मात्र कुठल्या राजाचं नव्हतं, ते स्वतंत्र शहर होतं. वडील पैसेवाले, वकिलीचं शिक्षण झालेले. आईचे वडील शहराचे प्रमुख. घरात पुस्तकं होती, मास्तर घरी येऊन शिकवत. एक वर्षाने धाकटी बहीण कोर्नेलिया ही त्याची पहिली जिवाभावाची सोबतीण. ती २६ व्या वर्षी गेली.

वडिलांच्या इच्छेने तो कायदा शिकला, आधी लाइप्झिगला, मग आजारपणानंतर स्ट्रासबुर्गला. स्ट्रासबुर्गला १७७० मध्ये त्याला हेर्डर हा लेखक-विचारवंत भेटला. हेर्डर पाच वर्षांनी मोठा, वाचन अफाट आणि जीभ तिखट. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो तिथे अडकून पडला होता आणि गटे रोज त्याच्या खोलीत जाऊन बसायचा. हेर्डर त्याची टर उडवायचा, त्याच्या आडनावावरूनसुद्धा. तरीही गटे जात राहिला, कारण शेक्सपिअर, होमर, लोकगीतं हे सगळं तिथे नव्याने कळत होतं. पुढे गटेनेच खटपट करून हेर्डरला वायमारला नोकरी मिळवून दिली. त्यांची मैत्री मात्र शेवटच्या वर्षांत कडवट होऊन संपली. गटेच्या सगळ्याच मैत्र्या टिकल्या, असं कुणी समजू नये.

१७७२ मध्ये वेट्झलार नावाच्या गावी तो कोर्टाचं काम शिकायला गेला आणि शार्लोटे बुफ या मुलीच्या प्रेमात पडला. तिचं लग्न केस्टनर नावाच्या सरळमार्गी माणसाशी ठरलेलं होतं. या केस्टनरशीही गटेची दोस्ती झाली. तिघं एकत्र फिरायचे, बोलत बसायचे. हे असं चालणार नाही हे कळल्यावर एका सकाळी गटे निरोप न घेता निघून गेला. थोड्याच दिवसांनी त्याच गावातल्या येरुझालेम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आत्महत्या केली. पिस्तुलं त्याने केस्टनरकडूनच प्रवासासाठी म्हणून मागून नेली होती. या दोन गोष्टी एकत्र करून गटेने 'तरुण वेर्टरची दुःखं' ही कादंबरी लिहिली. ती १७७४ मध्ये आली आणि २५ वर्षांचा गटे युरोपभर गाजला. तरुण मुलं वेर्टरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून हिंडू लागली. लाइप्झिगमध्ये पुस्तकावर बंदी आली. केस्टनर दुखावला. त्याच्या जागी बसलेलं पात्र त्याला रूक्ष आणि अरसिक वाटलं, आणि ते साहजिकच होतं. मित्राचं घर कादंबरीत घातलं की मित्राला काय वाटतं, हे गटेला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ही कादंबरी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

वेर्टरच्या कीर्तीमुळेच वायमारचं बोलावणं आलं. तिथला ड्यूक कार्ल आउगुस्ट नुकताच गादीवर बसलेला, वय १८. गटे २६ वर्षांचा. ७ नोव्हेंबर १७७५ला तो वायमारला पोचला, थोडे दिवस राहायचं म्हणून, आणि मग जन्मभर तिथलाच झाला. गावाची वस्ती जेमतेम सहा हजार. राजा आणि कवी दोघंही तरुण. शिकार, घोडे, थंडगार इल्म नदीत पोहणं, रात्री-अपरात्री धिंगाणा, यावरून बाहेर बरीच बोलणी झाली. तरुणपणी या दोघांत अरे-तुरे होतं. पुढे गटे मंत्री झाला, कार्ल आउगुस्टची पदवी वाढली, आणि गटेच्या लेखणीतून त्याच्यासाठी दरबारी संबोधनं येऊ लागली. मैत्री मात्र राहिली. १८२८ मध्ये कार्ल आउगुस्ट गेला तेव्हा म्हातारा गटे वायमार सोडून डोर्नबुर्गच्या वाड्यात जाऊन राहिला आणि सप्टेंबरमध्येच परतला.

वायमारमध्येच शार्लोटे फॉन श्टाइन भेटल्या. दरबारातल्या, विवाहित, गटेपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, सात बाळंतपणं झालेल्या. गटेने त्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि पत्रं सतराशेच्या वर आहेत. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत तू आणि तुम्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात. एका वाक्यात मन धावतं, पुढच्यात शिष्टाचार आठवतो. मग काही वर्षं पक्कं 'तू' आहे. १७८६ च्या सप्टेंबरात गटे त्यांनाही न सांगता पहाटे तीन वाजता कार्ल्सबाडहून गुपचूप निघाला आणि टोपणनावाने इटलीत जाऊन जवळजवळ दोन वर्षं राहिला. परत आल्यावर ते नातं तुटलं आणि पत्रांत पुन्हा 'तुम्ही' आलं. शार्लोटेबाईंनी आपली पत्रं परत मागून घेऊन नष्ट केली. त्यामुळे आपल्याला या संवादाची एकच बाजू ऐकू येते, आणि मला याची खरोखर हळहळ वाटते.

इटलीहून परतल्यावर महिन्याभरातच क्रिस्टियाने वुल्पिउस त्याच्या आयुष्यात आली. २३ वर्षांची, कागदी-कापडी फुलं बनवण्याच्या कारखान्यात कामाला. भावाच्या नोकरीसाठी अर्ज घेऊन ती बागेत गटेला भेटली. दोघं एकत्र राहू लागली, मुलगा झाला, आणि लग्न झालं ते १८ वर्षांनी. वायमारच्या प्रतिष्ठितांनी तिला कधी आपलं मानलं नाही. तिचं नाव लक्षात असू द्या.

आता शिलर.

फ्रीड्रिख शिलर गटेपेक्षा दहा वर्षांनी लहान. गटेला जे जन्मानेच मिळालं होतं, त्यातलं शिलरला काहीच मिळालं नव्हतं. वडील सैन्यात. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने मुलाला लहानपणीच आपल्या लष्करी शाळेत घातलं. सुट्टी नाही, घर नाही, कवायत आणि देखरेख. १७७९ च्या डिसेंबरात त्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ड्यूककडे पाहुणे म्हणून कार्ल आउगुस्ट आणि गटे आले होते. बक्षिसं घेणाऱ्या मुलांत २० वर्षांचा शिलर होता. मानाच्या जागी उभ्या असलेल्या वेर्टरच्या लेखकाला त्याने पाहिलं. गटेला त्या मुलाची काही विशेष दखल घ्यायचं कारण नव्हतं.

शिलर लष्करी डॉक्टर झाला, लपूनछपून 'दरोडेखोर' हे नाटक लिहिलं, आणि १७८२ मध्ये मानहाइमला त्याचा प्रयोग तुफान गाजला. परवानगीशिवाय राज्याबाहेर गेल्याबद्दल ड्यूकने त्याला १४ दिवस कोठडीत टाकलं आणि पुन्हा नाटकं लिहायची नाहीत असं बजावलं. शिलर एका संगीतकार मित्राबरोबर रातोरात पळाला. त्यानंतर कर्ज, आजारपण, या गावाहून त्या गावी. कोर्नर नावाच्या मित्राने सांभाळलं म्हणून तो तरला. कोर्नर आणि शिलर यांच्यात 'तू' होतं, आणि शिलरच्या मनातलं सगळं आपल्याला कळतं ते कोर्नरला लिहिलेल्या पत्रांतूनच.

ही पत्रं वाचताना अंगावर काटा येतो, इतकी ती खरी आहेत. १७८८ च्या सप्टेंबरात रुडोलश्टाटला गटे आणि शिलर यांची समोरासमोर ओळख झाली. काहीच जमलं नाही. भोवती माणसं फार, गटे इटलीच्या आठवणींत. पुढच्या फेब्रुवारीत शिलर कोर्नरला लिहितो की गटेच्या आसपास राहिलो तर मी दुःखीच होईन. त्याच्याबद्दल मनात प्रेम आणि द्वेष यांचं विचित्र मिश्रण आहे, ब्रूटस आणि कॅशियस यांना सीझरबद्दल वाटलं असेल तसं. मार्चमध्ये आणखी उघड: हा माणूस, हा गटे, माझ्या वाटेत उभा आहे, आणि नशिबाने मला किती वाईट वागवलं याची तो सारखी आठवण करून देतो.

एका मोठ्या लेखकाची ही कबुली लपवून ठेवण्यासारखी नाही, उलट फार मोलाची आहे. आपल्यापेक्षा पुढे असलेल्या माणसाकडे पाहून पोटात जे ढवळतं, ते शिलरने मित्राजवळ जसंच्या तसं सांगितलं. गटेच्या बाजूनेही आनंदीआनंद नव्हता. 'दरोडेखोर'सारखी भडक नाटकं त्याला आवडत नसत. आपण इटलीत जाऊन संयम आणि प्रमाणबद्धता शिकून आलो आणि इथे लोक या आरडाओरड्याला डोक्यावर घेऊन नाचतायत, असं त्याला वाटे. शिलरला येनाच्या विद्यापीठात इतिहासाची जागा मिळावी म्हणून त्याने शब्द टाकला, पण ती जागा बिनपगारी होती.

दोघांच्या गावांत अंतर किती? वायमार ते येना सुमारे २० किलोमीटर. ओळख झाल्यावरही सहा वर्षं हे अंतर तसंच राहिलं.

१३ जून १७९४ला शिलरने गटेला एक औपचारिक पत्र पाठवलं. सुरुवातीलाच लांबलचक मानाची बिरुदं. 'होरेन' नावाचं मासिक काढतोय, आपण लिहाल का, एवढीच विचारणा. गटेने होकार दिला. मग २० जुलै १७९४. येनामध्ये निसर्गशास्त्राच्या अभ्यासकांच्या मंडळाची बैठक होती. बैठक संपली आणि दोघं योगायोगाने एकाच वेळी दारातून बाहेर पडले. शिलर म्हणाला, निसर्गाकडे असं तुकडेतुकडे करून पाहिलं तर सामान्य माणसाला त्यात गोडी कशी वाटणार? गटे थबकला. हाच तर त्याच्या मनातला विषय. चालता चालता ते शिलरच्या घरापाशी आले, बोलण्याच्या भरात गटे वर गेला.

तिथे त्याने आपली वनस्पतींविषयीची कल्पना मांडली. गटेचं म्हणणं असं की सगळ्या झाडांच्या मुळाशी एकच घडण आहे, पान बदलत बदलत पाकळी होतं, पाकळीचं आणखी काही होतं. कागद-लेखणी घेऊन त्याने चार रेघांत ते मूळ झाड काढून दाखवलं. शिलरने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "हा अनुभव नाही, ही कल्पना आहे." गटेला राग आला. पण तो गिळून म्हणाला, "मग आनंदच आहे की, माझ्याजवळ मला न कळत कल्पना आहेत, आणि मी त्या डोळ्यांनी पाहूही शकतो!"

या दोन वाक्यांत दोघांचा सगळा फरक आहे, म्हणून जरा थांबू. गटे डोळ्यांचा माणूस. तो आधी झाड पाहणार, दगड हातात घेणार, आणि त्यातून नियमाकडे जाणार. शिलर विचाराचा माणूस. तत्त्ववेत्ता कांट त्याने मन लावून वाचला होता. तो आधी तत्त्व धरणार आणि मग त्याला शोभेल असं उदाहरण शोधणार. एक जण खालून जिना चढतोय, दुसरा वरून उतरतोय. त्या संध्याकाळी कुणी कुणाला पटवलं नाही. गटेने पुढे या भेटीवर लिहिलं तेव्हा लेखाला नाव दिलं 'भाग्याची घटना'.

महिन्याभराने, २३ ऑगस्टला, शिलरने एक लांब पत्र लिहिलं. गटेचं मन कसं चालतं, साध्यापासून गुंतागुंतीकडे तो कसा जातो, उत्तरेकडच्या देशात जन्मूनही त्याला आतून ग्रीक कसं व्हावं लागलं, हे त्याने इतक्या नेमकेपणाने मांडलं की त्यापूर्वी कुणी तसं मांडलं नव्हतं. २८ तारखेला गटेचा ४५ वा वाढदिवस. २७ ला त्याने उत्तर दिलं: या आठवड्यात येणाऱ्या वाढदिवसाला तुमच्या पत्राहून गोड भेट मिळाली नसती, मित्राच्या हाताने तुम्ही माझ्या आयुष्याची बेरीज मांडलीत. पाच वर्षांपूर्वी ज्याचा हेवा वाटत होता, त्याला शिलरने इतकं बारकाईने वाचलं होतं. माझ्या मते हेव्यात घालवलेली ती वर्षं वाया गेली नव्हती. एखाद्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की तो दिसायला लागतोच.

गटेने त्याला घरी राहायला बोलावलं. शिलरची छाती आणि पोट कायमचं दुखणाईत होतं. त्याने आधीच कळवलं की माझ्यावर घरातलं कुठलंही वेळापत्रक अवलंबून ठेवू नका, रात्री उबळींमुळे झोप लागत नाही म्हणून सकाळी झोपून असतो, "तुमच्याकडे आजारी पडून राहण्याची नकोशी मुभा तेवढी मला द्या." पाहुणा म्हणून जाताना असं मोकळेपणाने मागता येणं, आणि तेही 'तुम्ही' म्हणत. शिलर दोन आठवडे राहिला.

इथून पुढची जवळजवळ ११ वर्षं म्हणजे जर्मन साहित्याचा सर्वांत संपन्न काळ. हजारावर पत्रं उरली आहेत. येना आणि वायमार यांच्यामध्ये टपाल नेणारी एक बाई असे, तिच्या हातून पत्रं, हस्तलिखितं, पुस्तकं जात-येत. आणि या सगळ्या पत्रांत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, 'झी' आहे. ही दोघं कधी 'तू' वर आलीच नाहीत. आजच्या वाचकाला यात दुरावा वाटेल. पण आपल्याकडे मागच्या पिढ्यांत कॉलेजपासूनचे मित्र 'काय गोपाळराव', 'या विष्णुपंत' असं म्हणत आयुष्यभर अहो-जाहो करायचे, ते काय परके होते? मला तर वाटतं, या 'तुम्ही'मुळेच त्यांना एकमेकांच्या लिखाणावर इतकं स्पष्ट बोलता आलं. जवळीक गृहीत धरलेली नव्हती, म्हणून प्रत्येक शब्द जपून आणि खरा यायचा.

स्पष्ट म्हणजे किती, त्याचं एकच उदाहरण जवळून पाहू. १७९७ साली दोघं जणू पैज लावल्यासारखी कथाकाव्यं लिहीत होती. ते साल त्यासाठीच ओळखलं जातं. शिलरने 'इबिकसचे क्रौंच' घेतलं. गोष्ट अशी: इबिकस हा कवी वाटेत दरोडेखोरांच्या हातून मारला जातो. मरताना वरून उडणाऱ्या क्रौंच पक्ष्यांना तो साक्षीला बोलावतो. पुढे भरल्या नाटकगृहावरून क्रौंच उडतात आणि प्रेक्षकांत बसलेला खुनी बेसावधपणे साथीदाराला ओरडून सांगतो, बघ, इबिकसचे क्रौंच! आणि पकडला जातो. गटेचं पत्र आलं: क्रौंच म्हणजे दोन-चार पक्षी नकोत, मोठा थवा करा. स्थलांतराच्या दिवसांत आकाश व्यापून जाणारा थवा. ते पहिल्यापासून कवीच्या प्रवासात सोबत दिसू द्या. मग शेवटी ते आले की चमत्कार वाटणार नाही, निसर्गातली नेहमीची गोष्ट वाटेल, आणि तरीही अंगावर शहारा येईल. शिलरकडे कल्पना तयार होती, 'पाप बोलून दाखवलं जातं'. पक्षी पाहिलेला माणूस गटे होता. शिलरने सूचना घेतली आणि थवा कवितेत आणला. जुलै १७९४ चं ते भांडण, अनुभव की कल्पना, या कवितेत मिटलेलं दिसतं.

उलट दिशेनेही तेच. गटेची 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी शिलर हस्तलिखितात वाचून पानंच्या पानं लिहून पाठवायचा. 'फाउस्ट' तर गटेने किती वर्षं बांधून ठेवलं होतं. शिलर मागे लागला होता, आणि जून १७९७ मध्ये गटेने ते पुन्हा हातात घेतलं आणि शिलरला लिहिलं: एखाद्या झोप न येणाऱ्या रात्री याचा विचार करा, संपूर्ण कृतीकडून तुमची काय अपेक्षा आहे ते सांगा, आणि खऱ्या भविष्यवेत्त्यासारखी माझीच स्वप्नं मला उलगडून दाखवा. मित्राच्या निद्रानाशाचीसुद्धा किती हक्काने आठवण ठेवली आहे! त्याच सुमाराला 'फाउस्ट'च्या सुरुवातीला नाटकमंडळीचा जो प्रवेश आला, त्यात नाटकगृहाचा चालक, कवी आणि विदूषक आपसात बोलतात. अभ्यासकांना त्यात 'शाकुंतला'च्या नांदीनंतरच्या सूत्रधाराची छाया दिसते. गटेने 'शाकुंतल' फोर्स्टरच्या १७९१ च्या जर्मन भाषांतरात वाचलं होतं आणि वेड्यासारखं प्रेम केलं होतं त्यावर. 'फाउस्ट'चा पहिला भाग मराठीत विंदा करंदीकरांनी आणला. तो मिळाला तर हा प्रवेश आवर्जून वाचावा, आपल्या नाटकातलं काहीतरी फिरून घरी आल्यासारखं वाटतं.

विल्हेल्म टेलची गोष्ट गटेने स्वित्झर्लंडमध्ये हिंडताना मनात धरली होती, स्वतः महाकाव्य लिहायचं म्हणून. मग त्याने तो विषय शिलरला देऊन टाकला. शिलरने स्वित्झर्लंड कधी पाहिलंच नव्हतं. त्याने नकाशे आणि पुस्तकं जमवली, गटेला विचारलं, आणि १८०४ मध्ये वायमारच्या रंगमंचावर 'टेल' उभं राहिलं. लेखक लोक विषय किती जपून ठेवतात हे माहीत असेल, तर या देण्याची किंमत कळेल.

जानेवारी १७९८ मध्ये गटेने लिहिलं, तुम्ही मला दुसरं तारुण्य दिलंत, मला पुन्हा कवी केलंत, जे असणं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. आणि त्याआधी, जुलै १७९६ मध्ये, 'विल्हेल्म माइस्टर' वाचून झाल्यावर शिलरने लिहिलं होतं की जे उत्कृष्ट आहे त्याच्यापुढे प्रेमाशिवाय दुसरं स्वातंत्र्य नसतं. सीझर आणि ब्रूटसची उपमा ज्या लेखणीतून आली, त्याच लेखणीतून सात वर्षांनी हे वाक्य आलं.

एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगितली पाहिजे. गटेची पत्रं शिलरच्या बायकोला नमस्कार सांगतात. शिलरच्या पत्रांत क्रिस्टियानेचं नाव जवळपास येत नाही. तो तिच्या घरात राहिला, तिथे जेवला, पण लग्नावाचून राहणारी ती बाई त्याच्या पत्रांत जणू नव्हतीच. शिलरची बायको ही मघाच्या शार्लोटे फॉन श्टाइन यांची मानलेली लेक, हेही त्यामागे असेल. इतक्या मोठ्या मैत्रीत हा एक कोपरा अंधारा राहिला.

१८०५ च्या वसंतात दोघंही आजारी होते. ९ मे रोजी संध्याकाळी शिलर गेला. वय ४५. गटे अंथरुणावर, त्याला सांगायचा कुणाला धीर होईना. बातमी कळलेला एक मित्र निरोप न घेताच घरातून निघून गेला. गटेला घरातल्या माणसांच्या वागण्यात काहीतरी वेगळं जाणवत होतं. रात्री क्रिस्टियाने झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली, त्याला शांत झोप लागावी म्हणून. सकाळी त्याने तिला विचारलं, "काल शिलर फार आजारी होता ना?" ती हुंदके देऊ लागली. "गेला?" "तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. गटेने दोन्ही हातांनी डोळे झाकले. ज्या बाईचं नाव शिलरने टाळलं होतं, तिच्याच वाट्याला हे सांगणं आलं.

अंत्यविधीला गटे गेला नाही. मृत्यूच्या जवळ जाणं तो आयुष्यभर टाळत आला. १ जूनला त्याने बर्लिनच्या त्सेल्टरला लिहिलं: मला वाटलं होतं मीच जाणार, आणि आता एक मित्र गेला, त्याच्याबरोबर माझं अर्धं अस्तित्व गेलं.

हा त्सेल्टर कोण? कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर, पेशाने गवंडी. बापाचा धंदा, त्यातच तो उस्ताद झाला, घरं बांधली. आणि गाणं इतकं मनापासून की बर्लिनच्या नावाजलेल्या गायनमंडळाचा प्रमुख झाला. त्याने गटेच्या कवितांना चाली लावल्या आणि १७९९ पासून पत्रव्यवहार सुरू झाला. बोलणं रांगडं, मन मऊ. पुढे मोठा संगीतकार झालेल्या बारा वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनला १८२१ मध्ये गटेकडे घेऊन जाणारा हाच. विद्वान आणि दरबारी मंडळींच्या गराड्यात गटेला हा चुना-विटांचा माणूस का इतका जवळचा वाटला, हे त्यांची पत्रं वाचली की आपोआप कळतं.

१८१२ च्या नोव्हेंबरात त्सेल्टरच्या सावत्र मुलाने स्वतःला गोळी मारून घेतली. त्सेल्टरने गटेला कळवलं, एखादा बरा करणारा शब्द द्या म्हणून. ३ डिसेंबरला गटेने उत्तर लिहिलं. पहिलाच शब्द 'डाइन', म्हणजे 'तुझं'. "तुझं पत्र, माझ्या लाडक्या मित्रा..." तेरा वर्षं 'तुम्ही' म्हणत आलेल्या गटेने एकही खुलासा न करता 'तू'ला सुरुवात केली. वय ६३. या वयात तो कुणाशी नव्याने असं बोलत नसे. याच पत्रात तो लिहितो की जगण्याचा हा वीट माणसाला धरतो तेव्हा त्याची कीव करावी, दोष देऊ नये; या आजाराची सगळी लक्षणं एकेकाळी माझ्या आतूनही थैमान घालत गेली आहेत, 'वेर्टर' वाचलेल्या कुणालाही त्याबद्दल शंका येणार नाही.

वेर्टर आठवत असेल. तेव्हा गटेने दुसऱ्याच्या मुलाचं मरण घेऊन पुस्तक लिहिलं होतं. चाळीस वर्षांनी तेच पुस्तक तो एका बापाच्या हातात ठेवतो आहे, मीही तिथपर्यंत गेलो होतो हे सांगायला. सांत्वनाचं याहून प्रामाणिक पत्र मी वाचलेलं नाही. यानंतर शेवटपर्यंत दोघांत 'तू'च राहिलं.

शिलर मात्र 'तुम्ही'च राहिला, मेल्यावरही गटेच्या घरी आला तरी. ते असं झालं: शिलरला वायमारच्या एका सामाईक तळघरात पुरलं होतं, जिथे अनेकांच्या शवपेट्या एकावर एक रचलेल्या. १८२६ मध्ये गावच्या महापौराने शिलरचे अवशेष शोधायचं ठरवलं. पेट्या कुजून गेलेल्या. सापडलेल्या २३ कवट्यांतली सर्वांत मोठी ती शिलरची, असं त्याने ठरवलं. त्या सप्टेंबरात ती कवटी गटेच्या घरी आली. काही महिने ती तिथेच होती. ७७ वर्षांच्या गटेने तिच्यावर कविता लिहिली. अंत्यविधीला न गेलेला माणूस एवढ्या वर्षांनी मित्राची कवटी समोर ठेवून बसला होता. पुढच्या वर्षी ते अवशेष ड्यूकच्या घराण्याच्या दफनघरात नेले गेले. आणि त्याच सुमाराला, १८२८-२९ मध्ये, गटेने दोघांचा पत्रव्यवहार स्वतः सहा भागांत छापून घेतला.

२२ मार्च १८३२ला गटे गेला. त्याला शिलरच्या शेजारी ठेवलं. बर्लिनमध्ये त्सेल्टर दोन महिनेही राहिला नाही, १५ मे रोजी तोही गेला.

वायमारच्या त्या दफनघरात आजही ओकच्या दोन पेट्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर गटे, दुसरीवर शिलर अशी अक्षरं. २००८ मध्ये डीएनए तपासणीचा निकाल आला. गटेच्या टेबलावर जी कवटी होती, ती शिलरची नव्हती. शिलरची पेटी आता रिकामी आहे. ती तिथून हलवलेली नाही.